साडेचार मीटरचं वळण

जीएसटी उतरला तेव्हापासून माझ्या, म्हणजे सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्याच्या, टपालात एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: लहान गाडी कुठली घेऊ? २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाडीवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एका स्कूटरवर चौघांना बसवलं ती मंडळी शोरूमच्या काचेला नाक लावायला लागली. चांगलंच झालं की. फक्त सरकारच्या लेखी ‘लहान’ म्हणजे काय ते ऐकून ठेवा: लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. त्यात साडेतीन मीटरची अल्टोही बसते आणि उंच टाचा घातल्यासारखी दिसणारी, नावापुढं एसयूव्ही लावलेली गाडीही बसते. म्हणून ‘लहान गाडी कुठली घेऊ’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमची गल्ली किती फुटांची, आणि मागच्या सीटवर कोण बसणार?

एका ताईंनी रस्ता कुठला आणि गाडीत कोण बसणार, हे न विचारताच लिहून पाठवलं. त्यांच्या पत्राला मोठी जागा देतोय. बाकीच्यांनी रागावू नये.

मी जुळे सोलापुरात राहते. शाळा पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडं. जाऊन-येऊन रोज सोळा-सतरा किलोमीटर, सध्या स्कूटीवर. घरी मिस्टर, सातवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार सासूबाई. महिन्यातून एकदा सगळे अक्कलकोटला जातो. आमच्या ऐपतीत अल्टो के-१० बसते. शेजारचे काका म्हणतात, ‘ती डबी आहे, घेऊ नका.’ ऑटोमॅटिक घ्यावी का, तेही सांगा. मी ड्रायव्हिंग क्लास लावलाय. — एक शिक्षिका

ताई, काकांना म्हणावं, डबी तर डबी, पण झाकण उघडून आत काय आहे ते बघितलंत का?

आत ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद मिनिटाला ५५०० फेऱ्यांना ६६ पीएसच्या, म्हणजे अश्वशक्तीच्या, थोडी वर. ओढ, म्हणजे पुस्तकातला टॉर्क, ३५०० फेऱ्यांना ८९ न्यूटन-मीटर. शोरूममधला पोरगा तुम्हाला ६६ चा आकडा ऐकवेल. तो विसरून जा. गावात तुम्ही ५५०० फेऱ्यांपर्यंत कधीच जाणार नाही. सात रस्ता चौकात सिग्नल सुटतो, पुढं रिक्षा, बाजूला बुलेट, मधूनच एक हातगाडी. तिथं दुसऱ्या गिअरात दीड-दोन हजार फेऱ्यांवर गाडी ओढते की गचके खाते, हाच खरा सवाल. आणि तिथं इंजिनाच्या ओढीइतकंच महत्त्वाचं आहे गाडीचं वजन.

एक भागाकार करून दाखवतो. अल्टो के-१० रिकामी भरते साधारण ७६० किलो. टाटा टियागोचं इंजिन ११९९ सीसीचं, ८६ पीएस आणि ११३ न्यूटन-मीटर. ऐकायला कितीतरी मोठं. पण गाडी साडेनऊशेच्या पुढंमागं. आता ओढीला वजनानं भागा. एका टनामागं अल्टोला ११७ आले आणि टियागोला ११९. म्हणजे ताई, तुम्ही एकट्या शाळेला निघालात तर दोन्ही गाड्यांचा पिकअप जवळजवळ सारखाच. लहान इंजिनाची गाडी मरतुकडी असते, असं जे म्हणतात ते वजन न बघता म्हणतात.

आता चौघं बसा. चौघांचे आणि एका पिशवीचे धरू अडीचशे किलो. हे वजन अल्टोच्या स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा झालं, टियागोच्या चौथ्या हिश्शाएवढं. हलक्या गाडीला प्रत्येक माणूस जाणवतो. अक्कलकोटच्या वाटेवर एसी लावून, चौघांना घेऊन ट्रकला ओलांडायचं झालं तर अल्टोत चौथ्यावरून तिसऱ्या गिअरात यावंच लागतं. इंजिन ओरडतं. ओरडू द्या, ते त्याचं कामच आहे. नवशिके लोक ओरडण्याला घाबरून चौथ्यातच पाय दाबत बसतात आणि ट्रकच्या शेजारी अर्धा किलोमीटर लटकतात. ते मात्र करू नका.

तीन सिलिंडरचं इंजिन थरथरतं, ही तक्रार खरी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, अर्धा फिरला, १८० अंश, की एक ठोका पडतो. तीनमध्ये २४० अंशांनी पडतो. मधली पोकळी मोठी, त्यात इंजिन पुढं-मागं डुलायला बघतं. माझे वडील मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. ते म्हणायचे, साच्याचा आवाज चुकला तर बिघाड आहे, साचा हलला तर बिघाड नाही. इथंही तसंच. आयडलिंगला स्टिअरिंग थोडं थरथरलं तर सोडून द्या. नवी गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चालल्यावर ती थरथर सीटपर्यंत पोचली, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग बघून घ्या.

पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. या वजनाला पुरतात. टायर १४५ रुंदीचे, १३ इंची रिंगवर. बारीक दिसतात, पण त्यांची भिंत उंच आहे, म्हणून आपल्याकडचे रातोरात उगवणारे स्पीडब्रेकर आणि ड्रेनेजची बुडालेली झाकणं ते सोसतात. आणि बदलायची वेळ आली की खिशाला झेपतात. डिकी २१४ लिटर. दोन बॅगा आणि अक्कलकोटच्या प्रसादाची पिशवी, संपलं. पेट्रोलची टाकी २७ लिटरची.

आता ज्याच्यासाठी मी ही गाडी गावात मानतो ते सांगतो. तिचं वळण साडेचार मीटरचं आहे. हा आकडा कुणी वाचत नाही. त्रिज्या साडेचार, म्हणजे एका दमात यू-टर्न घ्यायला ९ मीटर, जवळजवळ तीस फूट रस्ता लागतो. बंपरचा कोपरा बाहेर जातो तो वेगळा. टियागोला ४.९ मीटर. फरक चाळीस सेंटिमीटरचा, दोन वितींपेक्षा जरा कमी. काय मोठंसं? म्हणून मी एकदा गॅरेजच्या अंगणात खडूनं दोन्ही वर्तुळं काढली आणि पोरांना गाड्या फिरवायला लावल्या. पूर्ण वळणात तो फरक दुप्पट होतो, ऐंशी सेंटिमीटर. तुमच्या शाळेच्या बाजूला, यंत्रमागाच्या कारखान्यांपुढं सुताची कोनं उतरवणारा टेम्पो उभा असतो की नाही? तिथं ऐंशी सेंटिमीटर म्हणजे एका दमात वळणं, नाहीतर तीनदा पुढं-मागं करून मागच्या रिक्षावाल्याच्या तेलुगू-मराठी शिव्या खाणं.

ऑटोमॅटिकचं. या दर्जाच्या गाड्यांत मिळतं त्याला एएमटी म्हणतात, मारुती त्याला एजीएस म्हणते. २०१४ साली सेलेरिओतून ते आपल्याकडं स्वस्तात आलं. महागड्या गाड्यांतल्या ऑटोमॅटिकसारखं ते नाही. आत तोच नेहमीचा पाच गिअरचा डबा आणि तीच क्लचप्लेट आहे, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक मशिन करतं. म्हणून गिअर बदलताना माणूस बदलतो तसा क्षणभर दम घेतं. डोकं पुढं झुकतं. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडायची सवय लावली की झटका जातो. आणि क्लचप्लेट आहे म्हटल्यावर ती झिजतेही. उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत अडकलात तर ॲक्सिलरेटर अर्धा दाबून गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. प्लेट जळाल्याचा वास गाडीत येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

तरीही तुम्हाला मी एएमटीच सांगेन. तुमच्या वाटेवर तुम्ही क्लच किती वेळा दाबाल ते मी एकदा मोजलंय, आसरा चौकापासून अशोक चौकापर्यंत, भर सकाळी. शंभराच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडून दिलं. फक्त ड्रायव्हिंग क्लास क्लचच्या गाडीवरच पुरा करा.

सुरक्षेचं गोड बोलून चालणार नाही. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं धडक चाचणी केली तेव्हा दोन एअरबॅगवाल्या अल्टो के-१० ला मोठ्यांसाठी पाचपैकी २ तारे मिळाले आणि वॅगनआरला १. टियागोला २०२० मध्ये ४ मिळाले होते. २०२५ पासून अल्टोत सहा एअरबॅगा सरसकट येतात, ही चांगली गोष्ट. पण एअरबॅगा वाढल्या म्हणून पत्रा जाड होत नाही, आणि मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या मुलीला पुढची एअरबॅग वाचवत नाही. तिला पट्ट्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा, शाळेच्या रस्त्यालासुद्धा.

मग घ्यावी की नाही? सासूबाईंच्या गुडघ्यांना ठरवू द्या. घरातल्या ज्या खुर्चीतून त्या कशाला न धरता उठतात, तिची बैठक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजा. तीच टेप घेऊन, सासूबाईंना घेऊन शोरूमला जा आणि पुढच्या सीटची उंची मोजा. अल्टोची सीट खाली आहे, तिच्यात माणूस ‘उतरतो’. वॅगनआर १६७५ मिलिमीटर उंच, तिच्यात माणूस खुर्चीवर टेकतो तसा बसतो. सासूबाईंना तीनदा बसवा, तीनदा उठवा. तिसऱ्यांदा त्यांनी दाराची चौकट धरली तर अल्टो रद्द, थोडं कर्ज वाढवून वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन बघा. ताऱ्यांचा हिशेब मनाला टोचत असेल तर टियागोत बसवून बघा, ती मधली. आणि अल्टोतून त्या हसत उठल्या तर अल्टोच घ्या, अक्कलकोटला सत्तरनं जा. काकांना प्रसाद द्यायला विसरू नका.

कंपनी २४ चं मायलेज सांगते, मला १४ च पडतं. फसवणूक म्हणायची की काय? गाडी नवी आहे. घर रेल्वे लाईन्सला, दुकान नवी पेठेत. — एक कापड दुकानदार

फसवणूक नाही, मालक. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. गाडी रुळांवर, म्हणजे रोलरवर उभी करतात, वीसेक मिनिटं ठरलेल्या वेगानं चालवतात, जास्तीत जास्त नव्वदपर्यंत नेतात, आणि एसी बंद असतो. तिथं नवी पेठ नाही, रस्त्यातच स्कूटर लावून पातळ बघायला गेलेलं गिऱ्हाईक नाही.

तुमचं घर ते दुकान दीड-दोन किलोमीटर. एवढ्यात इंजिन नीट गरमसुद्धा होत नाही. थंड इंजिन जादा पेट्रोल पितं, आणि गरम व्हायला लागलं की तुम्ही शटर उघडता. १४ पडतंय हेच पुष्कळ. दुसरं नुकसान मायलेजपेक्षा मोठं आहे: सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. आठवड्यातून एकदा गाडी बाळे गावापर्यंत किंवा विजापूर रोडला तासभर मोकळी चालवा. बाकी दिवस दुकानाला चालत जा. हे मी गॅरेजवाला सांगतोय.

टॉवेलचे नमुने आणि गठ्ठे घेऊन रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरतो, एमआयडीसी, तुळजापूर, कधी पंढरपूर. सीएनजी लहान गाडी घेऊ का? डिकीचं काय? — टॉवेल विक्रेता, विडी घरकुल

तुमच्या फिरण्याला सीएनजी बसतो. अल्टो के-१० चा कंपनीचा आकडा किलोला ३३.८५ किलोमीटर, पेट्रोलवर लिटरला २४.३९. रस्त्यावर दोन्ही घसरतील, पण प्रमाण तेच राहील: एक किलो गॅस म्हणजे साधारण एक लिटर आणि चारशे मिलिलिटर पेट्रोल. तुमच्या पंपावरचे आजचे भाव घालून रोजच्या नव्वद किलोमीटरचा फरक काढा आणि गाडीच्या किमतीतला फरक त्यानं भागा. जेवढे दिवस येतील त्यात पंपावरच्या रांगेचे तास धरा. सकाळी सहाला भरता येत असेल तर रांग नाहीशी समजा.

काय जातं तेही ऐका. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून ताकद पडते: ६६ वरून ५७ पीएसच्या आत, जवळजवळ सातवा हिस्सा. शिवाय टाकी, कंस, पाइप मिळून ऐंशी-नव्वद किलो वाढतात. म्हणजे एक धष्टपुष्ट भागीदार कायमचा मागं बसवल्यासारखं. तुळजापूरच्या घाटात कळेल. आणि डिकी टाकीनं भरते. टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी ठेवल्यात, त्यामुळं वर गठ्ठा ठेवायला जागा उरते. तुमच्यासारख्यानं आधी तीच बघावी.

बाहेरून किट बसवू नका, कंपनीचंच घ्या. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करून घ्यायची, तिचा दाखला पंपावर मागतात. पेट्रोलची टाकी कोरडी पडू देऊ नका. आणि गठ्ठा टाकीच्या व्हॉल्व्हवर टेकवून रेटायचा नाही. एकानं ते केलं होतं. सुतळीची गाठ व्हॉल्व्हच्या खिट्टीत अडकली, ओढायला गेला आणि गॅस बंद झाला, गाडी शेळगीच्या अलीकडं उभी. तो म्हणाला, ‘अण्णा, गाडी चालायली होती की मघापर्यंत!’

गाडी २०१५ ची. उन्हाळ्यात सिग्नलला काटा वर चढतो, चालायला लागली की खाली येतो. एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढून टाकला. तरी तेच. — निवृत्त कर्मचारी, होटगी रोड

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून टाकणारा आपल्याकडं घराघरांत निघेल. थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो नसला की इंजिन थंडीत गरम व्हायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, आणि उन्हाळ्यातला तुमचा आजार तसाच राहतो.

काका, लक्षणातच उत्तर आहे. चालताना हवा रेडिएटरला आपोआप लागते, उभी असताना ती पंख्यानं ओढावी लागते. म्हणजे पंखा उशिरा लागतोय, हळू फिरतोय, किंवा हवा आतच शिरत नाही. पहिल्यांदा पंख्याचा रिले आणि त्याचा जोड तपासा, स्वस्तातलं काम आहे. नंतर समोरून टॉर्च मारून बघा. रेडिएटरच्या पुढं एसीची जाळी असते. पूर्व भागात रोज फिरणाऱ्या गाड्यांची ती जाळी मी काढतो तेव्हा तिच्यावर धूळ नसते, नमदा असतो. सुताचा भुगा हवेत असतो, तो जाळीवर बसतो, त्यावर पावसाचं पाणी, परत भुगा. बोटानं ओढला तर पांढरट पट्टी सोलून येते, पापडासारखी. एअर फिल्टरचीही तीच गत. यंत्रमागाच्या भागातल्या गाड्यांना फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यावर उघडून बघावा.

एवढं करूनही काटा चढला तर रेडिएटरची टोपी उघडा. गाडी पूर्ण थंड असतानाच, बरं का. टोपीच्या खाली चुन्यासारखा थर दिसला तर समजायचं, कुणीतरी बोअरचं पाणी ओतलंय. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते तुमच्या घरच्या गिझरच्या कॉइलला विचारा. तेच क्षार रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९४ साली मी माझी पहिली गाडी घेतली, जुनी मारुती ८००. ७९६ सीसीचं ते चिमुकलं इंजिन, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. दुसऱ्यांच्या गाड्यांना कूलंट घालणारा मी, माझ्या गाडीला मात्र अंगणातल्या बोअरची बादली. का तर ‘पाणी ते पाणी’. मे महिन्यात बायको-पोरांना घेऊन तुळजापूरला निघालो. घाटात काटा लाल रेषेला टेकला. थांबायला हवं होतं. वर देवीचा दरवाजा दिसत असताना कोण थांबतो? दोन वळणं पुढं बोनेटातून वाफ आली. परतीला गाडी ट्रकमागं दोर लावून. हेड काढून सरळ पट्टी ठेवली तर पट्टीखालून ब्लेड आरपार जात होतं, इतकं ते वाकलं होतं. मशिनिंग, गॅस्केट, सगळं मिळून दोन महिन्यांची कमाई गेली. बायको आजही बादली बघितली की विचारते, ‘गाडीत घालायलाय का?’

कूलंट पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. पातळ करायचं असेल तर बॅटरीचं, डिस्टिल्ड पाणी वापरा.

माझी अल्टो २०११ ची. ई-२० पेट्रोलनं इंजिन खराब होईल का? मायलेज घटलंय. — मोहोळ

इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. ई-२० मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर लिटरची ऊर्जा सहा-सात टक्के घटते. थोडी घट तिथंच गेली. इंजिन एका दिवसात बसत नाही. पण तुमची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत रबर आणि सील तसे घातलेत. तुमच्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप पंधरा वर्षांचे झाले. ते दाबून बघा, चिकट किंवा भेगाळलेले असतील तर बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. आणि २०११ ची म्हणजे पंधरा वर्षांचं पासिंग आलंच, आरसी बुक काढून तारीख बघा.

नवी के-१० घेतली. रुंद टायर, अलॉय आणि जाड सीट कव्हर टाकायचंय. मित्र म्हणतात, लई भारी दिसेल. — कॉलेज विद्यार्थी

रुंद टायर टाकलेस की स्टिअरिंग जड होणार, मायलेज पडणार, पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला घासणार. साडेचार मीटरचं वळण घालवायला पैसे मोजायचे असतील तर तुझी मर्जी. वडिलांना विचारलंस का रे?

सीट कव्हरचं मात्र ऐकच. तुझ्या गाडीत बाजूच्या एअरबॅगा पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेत शिवलेल्या आहेत. तिथं कापडावर लहानशी पट्टी लावलेली असते. साधं घट्ट कव्हर चढवलंस की ती पिशवी फुटायच्या जागी कव्हरच्या शिवणीत अडकते. त्या बाजूला मोकळं किंवा फाटेल अशी शिवण असलेलं कव्हर मिळतं, तेच घे. नाहीतर आपली सोलापुरी चादर पाठीवर अंथर, कडा मोकळ्या ठेव. तीही लई भारी दिसते.

मंगळवार पेठेत आमची गल्ली दहा फुटांची. घरासमोर अल्टो लागेल का? मोजून बघितलं तर लागायला पाहिजे. — एक वाचक

कागदावर लागते. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, गाडीची रुंदी १४९०, आरसे धरून आणखी वीतभर. भिंतीला चिकटवून लावली तरी चालकाच्या बाजूला दार उघडायला दोन फूट द्यावेत. उरलेल्यात मोटरसायकल जाईल, रिक्षा जाणार नाही, अँब्युलन्स तर नाहीच. शिवाय गल्लीत शिरताना तोंडाशी वळण असेल तर तिथं दहा फुटांत एका दमात वळता येणार नाही, उलटं घालावं लागेल.

गाडी बुक करायच्या आधी एक करा. रात्री जेवण झाल्यावर खडू घेऊन खाली उतरा आणि घरासमोर ३५३० बाय १४९० ची चौकट आखा. तशीच राहू द्या. सकाळी सहाला बघा, त्या चौकटीत कुणाची काय उभी आहे. मग मला परत पत्र लिहा.